आमच्या गच्चीवरचं आकाश दिल्लीच्या अखत्यारीत

२० मे २०२४, सोमवार. लोकसभेच्या मतदानाचा दिवस. सकाळी सातच्या आधीच आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना खुर्चीत बसवून खाली उतरवलं. हातांची प्लॅस्टिकची खुर्ची, मागून त्यांचा नातू, पुढून पहिल्या मजल्यावरचा मुलगा, आणि मी त्यांच्याही खाली एक-एक पायरी उतरत "आता वळण आहे, आता सपाट" असं सांगत होते. चोपन्न पायऱ्या. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि काकांचे दोन्ही गुडघे कामातून गेले आहेत. तेव्हा त्यांचं वय होतं ८३. घरबसल्या मतदानाची सोय ८५ पूर्ण झालेल्यांना होती. आधी ती ८०च्या पुढच्यांना मिळायची, पण त्या निवडणुकीच्या तोंडावर अट वाढवली गेली. काका दोन वर्षांनी हुकले. आदल्या रात्री सूनबाई म्हणाल्या, "बाबा, या वेळी राहू द्या ना." काकांनी उत्तर दिलं नाही. सकाळी दार उघडलं तेव्हा ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, शबनम खांद्याला लावून बसलेले होते.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्चीचा एक पाय कठड्याच्या लोखंडी गजात अडकला. पोरांनी खुर्ची तशीच तिरकी धरली आणि तेवढ्यात वरून विमान गेलं. आमच्याकडे विमान गेलं की बोलणं थांबतं. हे आम्ही ठरवून करत नाही, पार्ल्यात जन्म काढला की अंगवळणीच पडतं. वाक्य अर्धं सोडायचं, आवाज विरला की तिथूनच पुढे सुरू करायचं. त्या दहा-बारा सेकंदांत काका तिरक्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते आणि माझा हात त्यांच्या गुडघ्यावर होता. त्या जिन्यात मला पहिल्यांदा नीट कळलं की लिफ्ट का नाही याचं उत्तर त्या विमानात आहे, आणि आम्ही मत द्यायला निघालो आहोत ते नेमकं त्याच उत्तरासाठी.

हे सविस्तर सांगते, कारण अकरा वर्षं सोसायटीची सेक्रेटरी असूनही मला स्वतःला हे कळायला फार वेळ लागला.

आमची इमारत विलेपार्ले पूर्वेला आहे. १९६४ची, तळमजला अधिक तीन, बिऱ्हाडं सोळा. स्ट्रक्चरल ऑडिट झालं, दोन ठिकाणी खांबांना जॅकेटिंग केलं, गच्चीवर पत्र्याची शेड घातली. बाहेरून लिफ्ट बसवायला बाजूला जागा सुटत नाही. उरतो पुनर्विकास. मुंबईत पुनर्विकास कसा होतो हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको: जुनी इमारत पाडायची, राहणाऱ्यांना नवी घरं द्यायची आणि वर जास्तीचे मजले चढवून बिल्डरने ते विकायचे. त्या जास्तीच्या मजल्यांवरच सगळं गणित उभं असतं. आमच्याकडे तीन बिल्डर आले. तिघांनीही प्लॉट पाहिला, चहा घेतला, नकाशे नेले आणि परत आले नाहीत. तिसऱ्याने निदान सरळ सांगितलं, "मॅडम, एफएसआय कागदावर आहे, पण ठेवायचा कुठे? तुमच्यावर फनेल आहे." एफएसआय म्हणजे प्लॉटच्या आकाराच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं तो आकडा.

फनेल झोन हा शब्द पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर या पट्ट्यात मुलांनाही पाठ असतो, पण फनेल म्हणजे काय हे मी तेव्हा कुठे शिकले. धावपट्टीच्या टोकाजवळून हवेत एक न दिसणारा उतार सुरू होतो. मोठ्या विमानतळाला पहिल्या तीन किलोमीटरपर्यंत त्याची चढण साधारण अशी असते: ५० मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. त्या उताराला इमारतीचं काहीही टेकता कामा नये. काहीही म्हणजे पाण्याची टाकी, लिफ्टची मशीनरूम, टीव्हीचा अँटेनासुद्धा. आणि उंची मोजायची ती रस्त्यापासून नाही, समुद्रसपाटीपासून. म्हणजे प्लॉटची जमीनच थोडी उंच असली तर तेवढी उंची पायाखालीच खर्ची पडते. हे सगळं केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याच्या नियमांत बसतं. सध्याचे नियम २०१५चे आहेत.

तर आम्ही दाद मागायला निघालो. आधी नगरसेवकाकडे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे महापालिकेच्या हातात नाही. मग आमदारांच्या कार्यालयात. तिथे एका समंजस मुलाने कागद वाचून सांगितलं, "काकू, एफएसआय आणि टीडीआर राज्याचं. उंची केंद्राची. उंचीसाठी खासदार." टीडीआर म्हणजे एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेवर वापरायची सोय. घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात एवढंच होतं: गटार नगरसेवकाचं, इमारत आमदाराची, आणि गच्चीच्या वरची जागा खासदाराची. इतकी वर्षं मी लोकसभेला मत दिलं ते पंतप्रधान कोण व्हावा या हिशोबाने. माझ्या डोक्यावरची जागा त्या मतात येते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

आमचा मतदारसंघ म्हणजे मुंबई उत्तर मध्य. पण पार्ल्यातल्या जुन्या माणसांना अजूनही हे नाव आपलं वाटत नाही, कारण २००८पर्यंत आम्ही मुंबई उत्तर पश्चिममध्ये होतो. काकांनी आयुष्यातली बहुतेक मतं तिथे दिली आहेत. आणीबाणीनंतर १९७७ला तिथे कायदामंत्री ह. रा. गोखले पडले आणि राम जेठमलानी निवडून आले, ते काका अजून मतमोजणी चालू असल्यासारखं सांगतात. १९८४ला सुनील दत्त यांनी जेठमलानींना हरवलं. मधे मधुकर सरपोतदार दोनदा आले, १९९६ आणि १९९८ला. दत्तसाहेब परत आले आणि २००५च्या मे महिन्यात गेले तेव्हा ते खासदारच होते, केंद्रात मंत्रीही होते. त्यांची कन्या प्रिया दत्त पोटनिवडणुकीत निवडून आल्या.

मग २००१च्या जनगणनेवर आधारलेली पुनर्रचना लागू झाली आणि २००९ला आम्ही घर न हलवता मतदारसंघ बदलला. मुंबईच्या विधानसभेच्या जागा ३४च्या ३६ झाल्या, लोकसभेच्या सहाच राहिल्या, आणि प्रत्येकीच्या वाट्याला सहा-सहा विधानसभा आल्या. आमच्यात विलेपार्ले, चांदिवली, कुर्ला, कलिना, वांद्रे पूर्व आणि वांद्रे पश्चिम. गंमत म्हणजे 'उत्तर मध्य' हे नाव नवीन नव्हतं. १९९९ला मनोहर जोशी 'उत्तर मध्य'मधूनच निवडून गेले होते आणि पुढे लोकसभेचे अध्यक्ष झाले. पण ते उत्तर मध्य माहीम-धारावीच्या अंगाचं. नाव तेच राहिलं, त्याच्याखालची जमीन उत्तरेला सरकली. नव्या उत्तर मध्यची पहिली लढत झाली ती प्रिया दत्त विरुद्ध महेश जेठमलानी, म्हणजे १९८४चीच लढत पुढच्या पिढीत. त्यानंतर २०१४ आणि २०१९ला पूनम महाजन, २०२४ला वर्षा गायकवाड, त्याही उज्ज्वल निकम यांना १६,५१४ मतांनी हरवून. पक्ष बदलले, पण २००९पासून आमच्या मतदारसंघाने दर वेळी दिल्लीला बाईच पाठवली आहे. याचा मला मनापासून आनंद आहे.

सुरुवातीला मला हा मतदारसंघ ओढून-ताणून जुळवल्यासारखा वाटायचा. पाली हिलचे बंगले, बेहरामपाड्याच्या गल्ल्या, कलिन्याचं विद्यापीठ, चांदिवलीचे टॉवर, कुर्ल्याच्या चाळी, पार्ल्याच्या सोसायट्या. मतदार १७ लाखांच्या वर. या सगळ्यांचं एकत्र काय? पण एकदा मुलाने संगणकावर नकाशा मोठा करून दाखवला. सहापैकी चार विधानसभा विमानतळाला टेकलेल्या किंवा त्याच्या अगदी जवळ, आणि उरलेल्या दोघींच्याही आकाशातून विमानं जातात. मधोमध ती दोन एकमेकींना छेदणारी धावपट्ट्यांची फुली. मिठी नदी त्याच धावपट्टीच्या खालून वाहते आणि पुढे कुर्ला-कलिन्याच्या कडेने खाडीकडे जाते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला, तेव्हा या फुलीच्या आजूबाजूचे सगळे आपण कुठल्या मतदारसंघात ते विसरून एकाच पाण्यात उभे होते. नकाशा पाहिल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की आम्हा सतरा लाखांना एकत्र बांधणारं काहीतरी आहे, आणि त्याचा मालक दिल्लीत आहे.

हे मला पक्कं पटलं ते आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींमुळे. त्या कुर्ल्याला राहतात, मिठीच्या काठाला, विमानतळाच्या हद्दीत मोडणाऱ्या वस्तीत. एकदा मी ओट्याशी उभी राहून फोनवर फनेलबद्दल तावातावाने बोलत होते. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, तुमचं पण विमानतळातच अडकलंय होय?" पोळी तव्यावर टाकत टाकत त्यांनी सांगितलं: त्यांच्या वस्तीचा सर्व्हे झाला, दारावर नंबर पडले, काही लोक नव्या इमारतीत गेले, बाकीचे तिथेच राहिले. २००६ला विमानतळाचं खासगीकरण झालं तेव्हा त्यांचा मुलगा पहिलीत होता, आता तो नोकरीला लागलाय. दाराच्या चौकटीवरचा नंबर दोनदा पुसला गेला, त्यांनी तो दोनदा ऑइलपेंटने परत काढला. "नंबर गेला तर आपण पण गेलो," असं म्हणून त्यांनी पोळी उलटली.

जमीन केंद्राची असली की नेहमीची झोपडपट्टी पुनर्वसन योजना सरळ लागू होत नाही. केंद्राची संमती लागते. म्हणजे मावशींच्या पायाखालची जागा आणि माझ्या डोक्यावरची जागा, दोन्ही एकाच खात्याच्या दारात. एका घराला वर जाता येत नाही, दुसऱ्याला खाली पाय रोवता येत नाही. माझ्याकडे मालकीचा कागद आहे, त्यांच्याकडे ऑइलपेंटचा नंबर, त्यामुळे आमच्या दोघींच्या हालअपेष्टा सारख्या आहेत असं मी म्हणणार नाही. पण आमची खासदार एक आहे, आणि हा प्रश्न विचारायचा तर तिलाच.

मग आपण खासदाराला काय विचारतो? मी दोन-तीन वेळा खासदारांच्या जनता दरबाराला जाऊन बसले आहे. कोणाच्या काळात ते महत्त्वाचं नाही. लोकांच्या हातात अर्ज होते ते तुंबलेल्या नाल्याचे, बाकड्यांचे, वाचनालयाच्या पत्र्याचे, शाळेच्या प्रवेशाचे. मार्च २०२२ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढे बराच काळ नगरसेवकच नव्हते, तेव्हा तर रस्त्यावरच्या दिव्यासाठीही माणसं खासदारांकडे आली. कुणाचं चुकलं असं नाही, गरजू माणूस समोरचं दार वाजवतोच. खासदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये असतो. ऐकायला मोठा, पण आमच्या मतदारांच्या संख्येने भागा: माणशी ३० रुपयेसुद्धा होत नाहीत. त्यात बाकडी होतील, व्यायामशाळा होईल. फनेल हलणार नाही आणि मावशींचं घरही होणार नाही.

खासदाराची खरी ताकद प्रश्नात आहे, असं माझं ठाम मत झालंय. निवृत्तीनंतर रात्री झोप लागत नाही तेव्हा मी संसदेच्या संकेतस्थळावर जुने प्रश्न वाचत बसते. अधिवेशनात लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न असतात, त्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि सदस्याला लगेच पुरवणी प्रश्न विचारता येतो. अतारांकित दिवसाला २३०, त्यांची उत्तरं लेखी. प्रश्न आधी द्यावा लागतो, निदान पंधरा दिवस. मग सोडत निघते. शिवाय प्रश्नोत्तरांनंतर तातडीचे विषय मांडायचा शून्य प्रहर आहे, नियम ३७७खाली मतदारसंघाचा विषय मांडता येतो. लेखी उत्तर एकदा पटलावर आलं की ते कायमचं राहतं. कुठल्याही कार्यालयात तो कागद पुढे ठेवून "हे तुमच्याच मंत्र्यांनी सांगितलंय" असं म्हणता येतं. मी ३४ वर्षं बँकेत काढली. सहीचा कागद आणि तोंडी आश्वासन यांतला फरक मला चांगला कळतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण सोसायटीच्या सभेत यावरून माझं आणि तळमजल्याच्या बिऱ्हाडाचं वाजलं होतं. उंचीची मर्यादा काढून टाका, अशी मागणी मी करणार नाही. जून २०१८मध्ये घाटकोपरला एक छोटं विमान बांधकामाच्या जागेवर कोसळलं, विमानातले चौघे आणि रस्त्यावरचा एक वाटसरू गेला. त्या संध्याकाळी आम्ही सगळे गच्चीत उभे होतो आणि कुणी फारसं बोलत नव्हतं. माणसं विमानात असतात आणि विमानाखालीही असतात. मला हवं ते एवढंच, की जिथे उंची देता येत नाही तिथे त्या न वापरलेल्या एफएसआयची भरपाई कशी करायची हे केंद्राने आणि राज्याने एकत्र बसून ठरवावं. आमच्या दोन गल्ल्यांत एका इमारतीला एक उंची मिळते आणि शेजारच्या इमारतीला दुसरी, त्यामागचं मोजमाप लोकांना वाचता येईल अशा भाषेत जाहीर व्हावं. आणि नियमांत अपिलाची समिती आहे, तिच्याकडे गेलेल्या अर्जाला किती दिवसांत उत्तर मिळतं ते मंत्र्यांनी सभागृहात सांगावं. आम्ही एका अर्जाच्या उत्तराची चौदा महिने वाट पाहिली. कुठल्या कार्यालयात, ते इथे लिहीत नाही.

मतदानाच्या दिवसाकडे परत येते. केंद्रावर ऊन होतं आणि रांग हलत नव्हती. ज्येष्ठांना वेगळी रांग होती, तरी तासभर गेला. काका खुर्चीतच सावलीला बसून होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "झालं का?" विचारत होते. मुंबईत त्या दिवशी सहाही जागांवर मतदान साठ टक्क्यांच्या आतच राहिलं. आमच्याकडे तर जेमतेम निम्म्या लोकांनी मत दिलं. जिना चढताना पोरं दमली, दुसऱ्या मजल्यावर पाच मिनिटं थांबावं लागलं. काका बोटाची शाई बघत म्हणाले, "पुढच्या वेळी मी ८८चा असेन. तेव्हा ते पेटी घेऊन घरी येतील. पण मला खाली जायचंय गं."

निकालाच्या दिवशी आमच्यापेक्षा जास्त त्यांचं लक्ष होतं ते त्यांच्या जुन्या मतदारसंघाकडे. उत्तर पश्चिममध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. साडेनऊ लाखांच्या वर मतं पडली आणि फरक अठ्ठेचाळीसचा. काकांनी मला वर बोलावून घेतलं. मतदार यादीतलं आमच्या इमारतीचं पान त्यांनी पेन्सिलीने मोजून ठेवलं होतं. "एकावन्न," ते म्हणाले. "आपल्या इमारतीत एकावन्न मतं आहेत."

तेव्हापासून आम्ही पत्र लिहायला घेतलं, आणि खरं सांगायचं तर फार वेळ लागला. पहिला मसुदा तीन पानांचा तक्रारअर्ज झाला. तो फाडला. आता एकाच पानावर पाच प्रश्न आहेत, संसदेत विचारतात त्या पद्धतीने अ, ब, क करून: पहिले तीन फनेलचे, चौथा मावशींच्या वस्तीच्या राहिलेल्या पुनर्वसनाचा, पाचवा धावपट्टीखालून जाणाऱ्या मिठीच्या सफाईची जबाबदारी कोणाकडे याचा. चौथा प्रश्न घालायला सभेत दोघांचा विरोध होता. "त्यांचं त्यांना बघू दे," असं म्हणणं होतं. मी म्हटलं, पत्र मतदारसंघाच्या नावाने जातंय, सोसायटीच्या नाही. मत घेतलं. नऊ विरुद्ध दोन.

पहिली सही काकांची आहे, हात कापत असल्यामुळे दोन ओळींवर पसरलेली. आमच्या गल्लीतल्या सात सोसायट्यांच्या सह्या आल्या आहेत. परवा मावशींनी पिशवीतून शाळेच्या वहीची चार पानं काढून ओट्यावर ठेवली, पिठाचा हात पदराला पुसून. दोनशे अकरा नावं, काही सह्या, काही अंगठे, आणि प्रत्येक नावापुढे दारावरचा नंबर. तो रकाना आम्ही सांगितला नव्हता, त्यांनीच आखला होता.

सगळं झेरॉक्स करून झालंय. मंगळवारी खासदारांच्या कार्यालयात द्यायला आम्ही दोघी जाणार आहोत, मावशींनी त्या दिवशी दोन घरची कामं सकाळीच उरकायचं ठरवलंय. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही, असं काकांनी बजावलं आहे.